दोरी धरलेला फोटो

आज फोटो निघणार म्हणजे निघणार, हे खुशीने छोट्या हत्तीत चढायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. छोटा हत्ती म्हणजे त्यांचा भाजीचा टेम्पो. आठवडाभर त्यात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि फुलकोबी बसायची. आज रविवार म्हणून माणसं बसली होती. पुढे गाडी चालवायला बाबा, त्यांच्या बाजूला मोठे बाबा. मागे रिकाम्या कॅरेटांवर पोती अंथरून आई, आकांक्षाताई आणि खुशी. पुढे आणखी एक माणूस दाटीवाटीने मावला असता. पण ती जागा आईची नव्हती आणि कधी होणारही नव्हती.

कारण मोठे बाबा हे आईचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आणि भासऱ्याच्या पुढ्यात भावजयीने यायचं नाही, हे आंजीतल्या त्यांच्या घरात कुणी भिंतीवर लिहिलं नव्हतं, तरी पाठ होतं सगळ्यांना. एका सतरंजीवर बसायचं नाही. समोरासमोर बोलायचं नाही. मोठे बाबा अंगणात आले, की आई पदर पुढे ओढून सैपाकघरात गडप. सैपाक झाला की ती उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या ठेवायची, जरा आपटूनच. ठण्ण! की मोठे बाबा पेपरची घडी करून उठायचे. भाजी खारट झाली तर म्हणायचे, "खुशे, तुया मायले सांग, मिठाचं पोतं फुटलं का म्हणा." आई दाराआडच उभी असायची. तिला शब्दन् शब्द ऐकू जायचा. तरी खुशीने उठून जायचं, सांगायचं, आणि परत येऊन आईचं उत्तर सांगायचं, की "आई म्हणते, उद्या अळणी करतो." लहानपणी खुशीला वाटायचं, आपण या घरात फार महत्त्वाच्या आहोत. दहावीत गेल्यावर तिला कळलं, की आपण या घरातलं पोस्ट ऑफिस आहोत.

आणि फोटोंचं तर विचारूच नका. घरात जितके फोटो होते त्यातल्या ज्या फोटोत मोठे बाबा, त्या फोटोत आई नाही. एका सत्यनारायणाच्या फोटोत कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात आरतीचं ताट धरून आत आला आहे. तो हात आईचा. बाकीची आई फोटोच्या बाहेर.

आकांक्षाताई मोठ्या बाबांची एकुलती एक मुलगी. ती अंगणवाडीत असतानाच तिची आई, म्हणजे मोठी आई, गेली. तेव्हापासून तिची वेणी, तिचा डबा, तिचा ताप, परीक्षेच्या दिवशी तिच्या हातावरचं दही, सगळं आईने केलं. उद्या ताई पुलगावहून रेल्वेत बसून नाशिकला नर्सिंग शिकायला जाणार होती. म्हणून तर आजची ही सहल. आणि काल तुरीच्या शेंगा सोलताना ताईने खुशीला सांगितलं होतं,

"मले जाताना एकच फोटो पाह्यजे. त्यात माये बाबा पाह्यजे अन् काकू पाह्यजे. बाकी कोणी असो की नसो."

"मी नसली तरी चालन?"

"तू तं काढणारी! तू कशी असशीन त्यात?"

"मंग सोपं हाय. दोघायचे दोन फोटो काढू. ॲपमधी चिपकवून देते, कोणाले कळणार बी नाई."

"मले कळन ना," ताई म्हणाली, आणि शेंगांची टोपली घेऊन उठून गेली.

झालं! खुशीने त्याच क्षणी मनातल्या मनात कंबर कसली. दोन महिन्यांपूर्वीची खुशी असती तर म्हणाली असती, जाऊ दे बाप्पा, आपल्या घरात नाही होत असलं. पण मधल्या काळात वर्ध्याला तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा झाली होती. खुशी माइकसमोर उभी राहिली होती, पहिलं वाक्य दोनदा अडखळलं होतं, आणि मग तोंडातून शब्द धबाधबा बाहेर पडले होते. दुसरा नंबर! तेव्हापासून तिला असं वाटायचं, की जगात सांगता येणार नाही अशी गोष्टच नाही. फक्त पहिलं वाक्य तोंडातून निघालं पाहिजे.

आईला मात्र पोरीच्या बेतांचा वास यायचा. टेम्पो हलल्याबरोबर तिने खुशीचा कान धरला.

"काय शिजून राह्यलं व तुया डोक्यात?"

"काई नाई."

"लपून माया फोटो काढशीन तं मोबाईल विहिरीत टाकीन. घे मायी शपथ."

"तुयी शपथ. लपून नाई काढत."

लपून काढणार नाही, एवढंच खुशी म्हणाली होती. काढणारच नाही, असं ती म्हणाली नव्हती.

बाग हिंगणीच्या रस्त्यावर होती. मधुकरराव म्हणून एक मोठे शेतकरी. त्यांचा मुलगा बरीच वर्षं जपानमध्ये नोकरीला होता. परत आला तो डोक्यात बाग घेऊनच. वडिलांनी कापसाच्या पऱ्हाटीचा एक तुकडा मोकळा करून दिला आणि तिथे त्याने छोटं तळं केलं, त्यात लाल-पांढरे मासे सोडले, तळ्यावर लाल रंगाचा कमानदार लाकडी पूल टाकला. गावातले लोक आधी हसले. मग रविवारी बायकापोरांना घेऊन यायला लागले. आता तिला सगळे 'जपानी बाग' म्हणतात आणि नवरा-नवरी लग्नाआधी इथे फोटो काढायला येतात.

मोठे बाबा आत शिरले ते शेत बघायला शिरावं तसे, हात मागे बांधून. कुंडीतलं वडाचं झाड बघून ते थबकले.

"श्रावण, हे पाय. वड. एवढुसा."

"बोन्साय म्हणते त्याले, दादा," बाबा म्हणाले.

"खत कमी पडलं म्हणा ना सरळ. अन् वटसावित्रीले बाया याच्याभोवती फेऱ्या कशा मारतीन? बोटानं?"

सगळे हसले. मागे बांबूच्या आडोशाला आईसुद्धा हसली. ते खुशीला आवाजावरून कळलं, कारण आई दिसत नव्हती. हीच तर पंचाईत होती.

खुशीने बाबांचा मोबाईल हातात घेतला आणि कामाला लागली. पहिला प्रयत्न पुलावर. "चला चला, सगळे पुलावर चढा, मासे मस्त दिसते वरून!" ताई चढली, आई चढली, बाबा चढले. मग मोठे बाबा या टोकाने चढायला लागले, आणि आई शांतपणे त्या टोकाने उतरून गेली, जशी काही तिची बसच आली होती. फोटोत आली तीन माणसं आणि एक मासा.

दुसरा प्रयत्न डब्यांवर. झाडाखाली एक लांब दगडी बाक होता. खुशीने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा बरोबर मधोमध ठेवला. मोठे बाबा बसले. आईने पुऱ्या वाढून खुशीच्या हातात दिल्या, खुशीने मोठ्या बाबांना दिल्या, आणि आई आपल्या दोन पुऱ्या घेऊन झाडाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसली. झाड चांगलं जाडजूड होतं. खुशीने त्या झाडाला मनातल्या मनात एक शिवी दिली.

"राहू दे व," ताई हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी उगाच म्हटलं."

"उगाच नाई म्हटलं," खुशी म्हणाली. "अजून बाग संपली नाई."

बागेच्या मागच्या बाजूला मात्र वेगळंच काही होतं. एक मोठा चौकोन, त्यात पांढरी बारीक वाळू, आणि मधे तीन काळे दगड. वाळूवर दाताळ्याने ओढलेल्या रेघा होत्या, दगडांभोवती गोल गोल फिरलेल्या. झाड नाही, फूल नाही, काही नाही.

मोठ्या बाबांचा चेहरा एकदम खुलला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना ओळखीचं काही दिसलं होतं.

"हे पाय! वाफा तयार करून ठेवला. परदेशी बी असन, वाळूतच टाकते ते."

आणि त्यांनी कडेला चपला काढल्या. पेरलेल्या वाफ्यात चपला घालून जायचं नसतं, हे त्यांच्या घरात लेकरू चालायला लागतं तेव्हाच शिकतं. बाबांनीही चपला काढल्या. पलीकडच्या कोपऱ्यात आईनेही काढल्या. आणि तिघेही शेतकरी, अत्यंत आदराने, अनवाणी, त्या रेघांमधून आत चालत गेले.

मोठे बाबा मधोमध उकिडवे बसले आणि त्यांनी वाळूत बोट खुपसलं. "ओल नाई, श्रावण. खाली बी ओल नाई. उगवन कसं हे?"

तिकडे आई वाकून काठावरच्या ताईच्या कानात म्हणाली, "रेघा बी वाकड्या हायेत व. दोरी नाई लावली वाट्टे."

तेवढ्यात शिट्टी वाजली. बागेचे राखणदार तानबा हातात दाताळं घेऊन पळत येत होते.

"ओ काका! ओ ताई! निघा, निघा तिथून! सकाळपासून मी हे ओढून राह्यलो, अन् तुमी चालून राह्यले त्यातून!"

"आमी काई तुडवलं नाई, भाऊ. चपला काढल्या," मोठे बाबा म्हणाले.

"अहो, ते पाणी हाय!"

मोठ्या बाबांनी आपल्या पायांकडे बघितलं. "पाणी?"

"म्हंजे पाणी समजाचं. हे गोटे म्हंजे डोंगर, अन् या पाण्याच्या लहरी. साहेबानं मले तसंच सांगतलं हाय."

मोठे बाबा बराच वेळ वाळूकडे बघत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "पाणी हाय, अन् ओल नाई?"

ताईला हसू आवरेना. तानबांना मात्र हसू येत नव्हतं. समुद्रभर पावलं उमटली होती, आणि साहेब संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन येणार होते. ते पाहून मोठ्या बाबांचाही चेहरा पडला. दुसऱ्याचा वाफा खराब करून निघून जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मग तो वाफा असो, पाणी असो, की आणखी काही असो.

"आण बाप्पा तुयं दाताळं. आमीच मोडलं, आमीच करून देऊ. श्रावण, गाडीतली दोरी आण."

कॅरेट बांधायची पिवळी नायलॉनची दोरी बाबांनी आणली. मोठ्या बाबांनी एक टोक हातात धरलं आणि दुसरं टोक मागे न बघता वाळूच्या काठावर टाकून दिलं. आई आली, वाकली, तिने ते टोक उचललं, आणि ती चालत चालत समोरच्या काठाला गेली. दोरी ताणली गेली. मोठ्या बाबांनी एक हिसका दिला. क्षणभराने आईकडून एक हिसका परत आला. बाबांनी दोरीच्या कडेने दाताळं ओढलं. सरळ रेघ पडली. दोघं एक पाऊल पुढे सरकले. पुन्हा हिसका, पुन्हा उलट हिसका.

खुशी बघतच राहिली.

तिने हे आयुष्यभर पाहिलेलं होतं! वांगी लावताना, कोबी लावताना, दरवर्षी. दोरीचं एक टोक मोठ्या बाबांकडे, दुसरं आईकडे. एक हिसका म्हणजे 'तयार?' आणि उलटून एक हिसका म्हणजे 'तयार'. ना शब्द, ना निरोप, ना पोस्ट ऑफिस. वावरात ती दोघं समोरासमोर उभी राहायची, आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटायचं नाही. इतकं रोजचं होतं, की ते दिसतच नव्हतं.

ताईने खुशीच्या दंडाला चिमटा काढला. "काढ!" ती ओठांनीच म्हणाली. "काढ ना!"

मोबाईल खुशीच्या हातातच होता. पडद्यावर सगळं नीट बसलं होतं: इकडे मोठे बाबा, तिकडे आई, मधे पिवळी दोरी. अंगठा टेकवायचा, बस. आई खाली बघत होती. तिला कळलंही नसतं.

खुशीने अंगठा उचलला आणि मोबाईल खाली केला. शपथ होतीच, पण शपथेपेक्षाही दुसरं काही तरी होतं. ताई हा फोटो नाशिकला भिंतीवर लावणार, रोज बघणार, आणि त्यातल्या आईला माहीतच नसणार की आपण त्यात आहोत? असा हात तर सत्यनारायणाच्या फोटोतही होता. नाही. यायचं तर अख्ख्या आईने यायचं.

पहिलं वाक्य तोंडातून निघालं पाहिजे, फक्त पहिलं.

"मोठे बाबा!"

आवाज जरा जास्तच मोठा झाला, माइकवाला. तळ्याकाठचे बगळे उडाले. दोरी थांबली.

"वावरात तुमी अन् आई एक दोरी धरता. तिथं चालते. मंग फोटोत काऊन नाई चालत?"

"खुशे!" बाबा दबक्या आवाजात म्हणाले. आईने तर डोळ्यांनीच तिला गिळलं.

मोठे बाबा चिडले नाहीत. त्यांनी दोरीकडे बघितलं. "वावरात काम असते, बाई."

"हे बी कामच समजा! ताईचं काम हाय. उद्या जाऊन राह्यली ते. तिले एकच फोटो पाह्यजे, तुमी अन् आई असलेला. दुसरं काईच नाई मागत ते कोणाले."

मोठ्या बाबांनी आकांक्षाताईकडे पाहिलं. ताई काळ्या दगडांकडे बघत होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला लहानपणापासून रडू आलं की ती हेच करायची, आणि हे मोठ्या बाबांनाही माहीत होतं.

"तुया मायले इचार," ते शेवटी म्हणाले.

खुशीचं पाऊल सवयीने उचललं गेलं. आईकडे जायचं, विचारायचं, परत यायचं. अर्ध्या पावलावर ती थांबली.

"मी नाई इचारत," ती म्हणाली. "आई ते काय तिथंच उभी हाय, दोरीच्या दुसऱ्या टोकाले. तुमीच इचारा."

बाबांनी कपाळाला हात लावला. तानबा कंबरेवर हात ठेवून, आपलं पाणी विसरून, बघत उभे राहिले. वाऱ्याने बांबू कुरकुरले. मोठे बाबा दोरीचं टोक बोटांत फिरवत राहिले. खुशीला वाटलं, संपलं, आता घरी गेल्यावर काही खरं नाही.

मग त्यांनी दोरीला एक हिसका दिला.

दोरी थरथरली आणि सैल पडली. आई खाली वाळूकडे बघत होती. पदराचं टोक तिने दातात धरलं होतं.

तिकडून एक हिसका परत आला.

"ताई, पळ!" खुशी ओरडली. "मधात उभी राह्य! बाबा, तुमी बी! दाताळं घेऊनच!"

ताई धावत जाऊन दोरीमागे उभी राहिली, तिने दोरीवर दोन्ही हात ठेवले. बाबा दाताळं भाल्यासारखं उभं धरून तिच्या बाजूला. खुशी मागे मागे सरकली, इतकी की एका झुडपात शिरली, तेव्हा कुठे दोन्ही टोकं पडद्यावर मावली.

"खुशी," आई म्हणाली, दातातला पदर न सोडता, "सांग यायले, दोरी ढिली हाय."

खुशीने मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि अजिबात ऐकू न आल्यासारखं केलं.

"खुशे, सांग ना."

खुशी ढिम्म.

आईने पदर दातातून सोडला. समोर बघितलं, थेट, पिवळ्या दोरीच्या त्या टोकाकडे.

"दोरी ढिली हाय," ती म्हणाली. "ताना जराशी."

"हो," मोठे बाबा म्हणाले, आणि त्यांनी दोरी ताणली.

त्या ताणाने आई एक पाऊल पुढे ओढली गेली, तिला हसू फुटलं, आणि खुशीने अंगठा टेकवला. मग आणखी एकदा. मग आणखी कितीतरी वेळा, हात भरून येईपर्यंत, कारण इतकं मिळाल्यावर कंजुषी कोण करतो!

"झालं का बाप्पा तुमचं?" तानबा म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष वाळूकडे गेलं. "अरे देवा! मी म्हटलं लहरी काढा, गोल गोल! हे काय केलं? या तं वांग्याच्या सऱ्या पाडल्या तुमी!"

खरंच की. अर्धा समुद्र अगदी सरळ, एकसारख्या सऱ्यांनी भरला होता. रोपं लावायचीच काय ती बाकी.

"सोड यात पाणी," मोठे बाबा म्हणाले, "बरोबर कडेपरयंत जाईन."

तानबांनी बाबांच्या हातातून दाताळं काढूनच घेतलं. "जा आता घरी. पण पुढच्या हप्त्यात भाजी आणजो," ते पुटपुटले, आणि गोल रेघा ओढायला लागले.

गेटजवळ मोठ्या बाबांनी मोबाईल मागितला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. खुशीला वाटलं, ते ताईचा चेहरा बघताहेत. नाही. ते दोरीवरून बोट फिरवत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सरळ हाय," ते म्हणाले, आणि मोबाईल परत देऊन गाडीत पुढे जाऊन बसले.

आई नेहमीसारखी मागे चढली. पुढच्या त्या रिकाम्या जागेकडे खुशीने एकदा बघितलं. तोंड उघडलंही. मग मिटलं. ते पुढच्या खेपेला. ठरलं म्हणजे ठरलं.

ताईने फोटो लगेच आपल्या मोबाईलवर घेतला आणि पडद्यावरच लावला. हिंगणीचा रस्ता मागे पडला, तुरीची पिवळी फुलं दोन्ही बाजूंनी पळायला लागली. बऱ्याच वेळाने आई खुशीच्या बाजूला सरकली.

"दाखव तं."

खुशीने दाखवला. फोटो तिरपा होता, कोपऱ्यात झुडपाची एक फांदी आली होती. आईने तो जवळ धरला, लांब धरला. दोरी ओढली गेली त्या क्षणी तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता. तिचे केस दिसत होते, कानातले दिसत होते, आणि ती तोंड उघडून हसत होती, मोठ्या बाबांच्या समोर.

"पदर पडला व माया."

खुशीने लगेच मोबाईलकडे हात नेला. "पुसून टाकू का? दुसरे हायेत. एकात डोकं झाकलेलं असन."

आईने हात वर नेला, डोक्यावरचा पदर चाचपला, थोडा पुढे ओढला. मग पुन्हा फोटोकडे बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली.